तारेवरचे नव्व्याण्णव मणी

५ फेब्रुवारी, दुपारी, दुकानात

दादा,

हे फाडायच्या आधी एवढं वाच. आई ठणठणीत आहे, घर जागेवर आहे, कुणी गेलेलं नाही आणि कुणाचं लग्नही ठरलेलं नाही. मला फक्त एक टेक्निकल प्रश्न विचारायचाय. फोनवरच विचारला असता, पण रविवारी फोन मी उचलला की तू ‘आईला दे’ म्हणतोस आणि मी देते. चार वर्षांत आपलं एवढंच बोलणं झालंय, दोन शब्द. त्यात स्ट्रेट पूल मावत नाही.

हो, स्ट्रेट पूल, तुझाच तो बॉल आणि पॉकेट आधी सांगून घालायचा खेळ. मी खेळायला लागलेय. आत्ता लिफ्टच्या खड्ड्यात उभा असशील तर आधी वर ये, मग पुढचं वाच.

सात महिने झाले. चष्म्याचं दुकान दुपारी एक ते चार बंद असतं, तेव्हा मी टायरच्या दुकानाचा जिना चढून आपल्या हॉलमध्ये जाते. हॉल आहे तसाच आहे. खालून रबराचा वास, वर तीन टेबलं, आणि मॅनेजरकाका त्याच ब्रशने तेच कापड एकाच दिशेने झाडतात. मी पहिल्या दिवशी गेले तर त्यांना वाटलं त्यांचा नंबर तपासायला आलेय. क्यूची काठी मागितली तर म्हणाले, घरी विचारलंस का? सव्वीस वर्षांची आहे मी, दादा. लोकांचे डोळे तपासते.

आणि मी चांगली खेळते. हे मी बढाई म्हणून नाही, माहिती म्हणून सांगतेय. आता ती माहिती स्कोअरमध्ये दिसत नाही, तो स्कोअरचा प्रॉब्लेम.

उदाहरणार्थ मंगळवार. मी म्हटलं, सहा नंबर, डावा कोपरा. सहा नंबर निघाला, कडेच्या दोन कुशनना लागला, वाटेत तिघांची विचारपूस केली आणि उजव्या कोपऱ्यात असा गेला की बाजूच्या टेबलावरचे लोक खेळ थांबवून बघत राहिले. पॉइंट शून्य. कारण मी डावा म्हटलं होतं. मॅनेजरकाकांनी बॉल काढून परत टेबलावर ठेवला, जसा काही तो गेलाच नव्हता. दुसऱ्या कुठल्याही खेळात मला उचलून घेतलं असतं.

मग गुरुवार. माझे दोन पॉइंट झाले होते. लागोपाठ तीन फाउल केले. प्रत्येकाचा एक गेला आणि तिसऱ्यानंतर शिक्षा म्हणून आणखी पंधरा. उणे सोळा. दीड तास खेळून मी अशा जागी पोचले की घरीच झोपले असते तर सोळा पॉइंटनी पुढे असते. आता आपला स्कोअर तारेवर मणी सरकवून ठेवायचा, आणि मण्यांना उणे काही दाखवता येत नाही. मॅनेजरकाकांनी विचार केला, आत गेले, आणि कपडे वाळत घालायचा चिमटा आणून माझ्या तारेला लावला. मी शून्याच्या वर येईपर्यंत चिमटा तिथे. त्या दिवशी तो निघालाच नाही. तेव्हापासून मला हॉलमध्ये चिमटा म्हणतात.

असो. प्रश्न. चौदा बॉल मी घालते (महिन्यातून एकदा, पण घालते). पंधरावा राहतो, अगदी हवा तिथे, बॉल रचायच्या त्रिकोणाच्या शेजारी. मॅनेजरकाका चौदा बॉल परत रचतात. आता मी तो पंधरावा घालायचा आणि त्याच फटक्यात ते रचलेले चौदा पांढऱ्या बॉलने फोडायचे. आणि माझा पांढरा कुठे असतो? टेबलाच्या पार त्या टोकाला, कुशनला नाक लावून, वर्गात कोपऱ्यात उभं केल्यासारखा. दर वेळी. मी काय चुकतेय?

त्या दिवसाबद्दल मी काहीही लिहिणार नाहीये. निर्धास्त उत्तर दे.

ठेंगू (हल्ली चिमटा)

२२ फेब्रुवारी, दुपारी, हॉलमधून

दादा,

आलं. पाकीट उलटंसुलटं केलं, झटकलं, आणखी काही पडलं नाही. लिफ्ट सर्व्हिसची पावती, तिच्या मागे पट्टीने काढलेलं टेबल, सहा छोटे गोल, बाण. एक अक्षर नाही. माझं नावसुद्धा कंपनीच्या शिक्क्याने छापल्यासारखं कॅपिटलमध्ये. ठीक आहे. मी टेक्निकल प्रश्न विचारला, तू टेक्निकल उत्तर दिलंस.

पण काय उत्तर आहे. म्हणजे मी चौदावा घालण्याचा विचार चौदाव्याला करत होते आणि तो करायचा असतो अकराव्याला. शेवटचे तीन कोणत्या क्रमाने घालायचे ते आधी ठरवायचं, म्हणजे पांढरा चालत चालत आपोआप जागेवर येतो. मी तो कागद टेबलाच्या कडेला ठेवून खेळले. चौथ्या प्रयत्नात पंधरावा आत, आणि चौदाच्या चौदा असे उधळले की मॅनेजरकाका ब्रश हातात धरून म्हणाले, हा त्याचा फटका आहे. नाव घेतलं नाही. घेत नाहीत.

आईलाही समजावून सांगितलं. ती कपाट आवरत होती. सगळं नीट ऐकलं आणि म्हणाली, ‘चौदा आवरायचे, एक ठेवायचा, आणि त्या एकाने परत पसारा करायचा. याला खेळ म्हणतात? मी रोज करते.’

मग थोड्या वेळाने, पाठमोरीच, कागदावर त्याने काही लिहिलंय का म्हणून विचारलं. मी म्हटलं टेबल काढलंय. म्हणाली, रेघा सरळ आहेत ना? म्हटलं एकदम. म्हणाली, मग बरा असेल.

दुसरा प्रश्न. डॉक्टर. आपले दातांचे डॉक्टर आता रिटायर झालेत, म्हणजे दिवसभर मोकळे आणि दिवसभर हॉलमध्ये. ते टेबलाकडे अजूनही तोंडात बघितल्यासारखं वाकून बघतात. एखादा बॉल पॉकेटच्या तोंडाशी असला की म्हणतात, हा हलतोय, राहू दे, आपोआप येईल. स्वतः काही घालत नाहीत आणि मला घालू देत नाहीत. पांढरा हळूच एका बॉलला टेकवायचा, कुशनला लावायचा आणि गर्दीच्या मागे नेऊन ठेवायचा. मीही तेच करते. मग ते. मग मी. काल पन्नास मिनिटं खेळलो आणि दोघांचे मिळून एकूण पॉइंट चार. बाजूच्या टेबलावर एक माणूस आला, खेळला, हरला, बायकोशी फोनवर भांडला, समेट झाला, घरी गेला. आम्ही तिथेच.

ही अडवाअडवीची सेफ्टी कशी मोडायची ते सांग. मी शंभरीत नाव दिलंय. तीच, वर्षातून एकदाची, शंभर पॉइंटची स्पर्धा. जिंकणार आहे.

चिमटा

१५ मार्च, दुपारी, दुकानात

दादा,

दोन चित्रं आली. दोन्ही लागू पडली. मी फायनलला पोचलेय. समोर डॉक्टर, अर्थातच. तीन एप्रिल, दुपारी दोन वाजता.

आता मी जे लिहिणार नाही म्हटलं होतं ते लिहिते, कारण फायनल म्हटलं की हॉलमध्ये सगळे वर तारेकडे बघतात आणि मग माझ्याकडे.

तुला माहीत नसेल. त्या दिवशी तू चिडून स्कोअरची तार ओढून तोडलीस तेव्हा मणी सगळ्या हॉलभर झाले. तू जिना उतरून गेलास, आणि आम्ही सगळे, डॉक्टरसुद्धा, गुडघ्यांवर रांगत मणी गोळा करत होतो. नव्व्याण्णव मिळाले. मॅनेजरकाकांनी दोन दिवस कपाटं सरकवली. शंभरावा नाहीच. तेव्हापासून वरच्या तारेवर नव्व्याण्णव मणी आणि शेवटी एक सेफ्टी पिन. दुसरा मणी घालू देत नाहीत. म्हणतात मापाचा मिळत नाही. लाकडी मणी आहे, दादा, कुठेही मिळतो.

मी वरचीच तार घेते. दर वेळी. कुणी विचारलं तर सांगते, उंची वाढते.

आणि एकदा स्पष्टच सांगते, म्हणजे विषय संपेल. मला दिसलं होतं. तुझे शहाण्णव, डॉक्टरांचे एक्क्याण्णव. तू आईने आणलेला तो नवीन पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होतास, कफचं बटण उघडं. तू टेबलावर वाकलास आणि कफ तीन नंबरला लागला. बॉल इतकासा हलला, म्हणजे फाउल. मी मणी सरकवायला बसले होते. मी एक मणी मागे घेतला. तू म्हणालास, ‘काय करतेस?’ मी म्हटलं बाही लागली. तू म्हणालास नाही लागली. डॉक्टर म्हणाले जाऊ दे, मला काही दिसलं नाही. आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, ‘खोटारडा आहेस तू.’

आपल्या हॉलचा नियम मला माहीत होता. फाउल ज्याचा त्याने सांगायचा. मणी सरकवणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, हातही हलवायचा नाही, खेळणारा बोलेपर्यंत थांबायचं. तो मी मोडला. कबूल. पण मी बरोबर होते. माझी नजर तेव्हाही चांगली होती आणि आता तर माझ्याकडे सर्टिफिकेट आहे.

हे सगळं तीन तारखेच्या आधी बोलून टाकायचं होतं, कारण मला तू यायला हवा आहेस. सुट्टी टाक. लिफ्ट एक दिवस बंद राहिली तर लोक जिन्याने जातील, तब्येतीला बरं. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. मागच्या बाकावर बसून चित्रं काढ.

चिमटा

४ एप्रिल, सकाळी, घरून

दादा,

तू आला नाहीस. मी दर शॉटनंतर जिन्याकडे बघत होते, त्यामुळे मान आखडलीय. तेवढं सोडलं तर मी आयुष्यात इतकी छान खेळले नाही.

सविस्तर सांगते. सुरुवातीला डॉक्टरांनी अर्धा तास सेफ्टीचा दवाखाना चालवला. मी तुझ्या दुसऱ्या चित्रातली युक्ती केली, पांढरा रचलेल्या बॉलना मागून चिकटवून ठेवला, आणि डॉक्टर पहिल्यांदा म्हणाले, अरेच्चा. मग मी एका दमात एकवीस घातले. एकवीस. मधला पंधरावा तुझ्या पहिल्या चित्रासारखा. पावडर जरा जास्त लावते मी हाताला, तू असतास तर म्हणाला असतास भिंत रंगवायला निघालीस का. पण क्यू सरसर चालत होता. चारच्या सुमाराला माझे नव्व्याण्णव आणि डॉक्टरांचे त्र्याण्णव. दुकानात फोन करून सांगितलं की पेशंटला बसवून ठेवा, डोळे कुठे पळून जात नाहीत.

एक पॉइंट. वर तारेवर सगळे मणी माझ्या बाजूला, फक्त पिन उरलेली. पाच नंबर मधल्या पॉकेटसमोर, सोपा, पण मध्ये काळा बॉल. त्याच्यावरून हात नेऊन क्यू टेकवायचा होता. मी म्हटलं, पाच, मधला. गेला. मी क्यू खाली ठेवला आणि डॉक्टरांशी हात मिळवायला गेले.

डॉक्टर चष्मा पुसत होते. हात पुढे केला नाही त्यांनी. वर बघितलं तर मॅनेजरकाकांनी पिन चिमटीत धरलेली, पण सरकवत नव्हते. मी म्हटलं, काका, सरकवा ना. ते पंख्याकडे बघायला लागले. बाकीचे सगळे आपापल्या बुटांकडे.

मला कळलं ते कशाची वाट बघतायत. आणि दादा, मला असा राग आला. कारण काही लागलं नव्हतं. मी देवाशपथ सांगत होते स्वतःला, काही लागलं नाही. मोठ्याने म्हटलंही, ‘काही लागलं नाहीये.’ मॅनेजरकाकांची पिन तशीच चिमटीत.

मग मी काळ्या बॉलकडे बघितलं. त्याच्यावर पांढरी चंद्रकोर उमटली होती. पावडरची. मनगट उलटं केलं तर तिथली पावडर तेवढीच पुसलेली.

मी उभी होते ना, तेव्हा मी मनगटाला आठवायला सांगत होते. त्याला काहीच आठवत नव्हतं. खरंच काही कळलं नव्हतं मला. लागलं होतं आणि मला कळलं नव्हतं, दोन्ही एकाच वेळी खरं. हे असं असू शकतं, हे चार वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. मी लोकांना रोज विचारते, आता दिसतंय का, आता दिसतंय का. मी स्वतःला विचारलं नाही.

मग म्हटलं, फाउल.

मॅनेजरकाकांनी पिन सोडली आणि एक मणी मागे घेतला. अठ्ठ्याण्णव. डॉक्टर उठले, म्हणाले, मला वाटलं आज चहाला घरी पोचतो. आणि मग सात बॉल घातले, एकही हलता नाही, सगळे घट्ट. शंभर-अठ्ठ्याण्णव. हरले मी. पुढच्या वर्षी जिंकीन, त्याबद्दल मला शंका नाही.

पण रात्रभर एकच गोष्ट डोक्यात होती, ती सांगते. ‘फाउल’ म्हणायला मला साधारण आठ सेकंद लागली असतील. त्या आठ सेकंदांत मी चिडले, खोटं बोलले, शोधलं, सापडलं, मग बोलले. आणि ते सगळे तेवढा वेळ थांबले. नियम त्यासाठीच आहे. तुला मी एकही सेकंद दिलं नाही. तू सरळ उभा राहायच्या आत मी मणी मागे घेतला होता.

तुला कळलं नसेल, दादा. कफ होता, कातडीसुद्धा नव्हती. तू खरं बोलत होतास आणि मी तुला खोटारडा म्हटलं, आणि आईने तुझा शर्ट अजून इस्त्री करून ठेवलाय. माझं चुकलं. हे मी एकदाच लिहितेय आणि खोडाखोड न करता लिहितेय, बघ.

ठेंगू

१९ एप्रिल, दुपारी, दुकानात

दादा,

पाकीट खुळखुळत होतं. मला वाटलं लिफ्टचा एखादा स्क्रू चुकून आत पडला. दुकानात, पेशंटसमोर उघडलं. कापसात गुंडाळलेला मणी. मी पेशंटला दहा मिनिटं एकाच ओळीवर ठेवलं.

म्हणजे चार वर्षं मॅनेजरकाका कपाटाखाली बघतायत आणि तो तुझ्या खिशात.

आणि पावतीच्या मागे या वेळी टेबल नाही. तुझं अक्षर अजून कोंबडीच्या पायासारखं आहे, बरं वाटलं. ‘लागली होती. मला तेव्हाच कळलं होतं.’

मी ते तीनदा वाचलं. मग मला हसू आलं आणि मग मी माझं चार तारखेचं पत्र आठवून इतकी चिडले की लेन्सचा ट्रे पाडला. पानभर माफी मागितली मी. मनगट, कातडी, चंद्रकोर, काय काय लिहिलं. आणि तुला कळलं होतं. ‘तू खरं बोलत होतास’ हे जे वाक्य आहे ते कापून परत पाठव. मला फाइलला लावायचंय.

बाकीची माफी ठेव. ती आठ सेकंदं तुझी होती आणि मी ती घेतली, हे अजूनही खरं आहे. तुला नंतर मिळाली म्हणायची. तू जरा जास्त वेळ घेतलास, पण बोललास.

आईला दाखवलं. तिने कागद नाही बघितला, मणी बघितला. तळहातावर घेऊन म्हणाली, एवढ्याशासाठी? आणि मग उठून कपाट उघडलं आणि तो शर्ट बाहेर काढून खुर्चीवर ठेवला. अजून तिथेच आहे. खुर्चीवर कुणाला बसू देत नाही.

मग मी मणी घेऊन हॉलवर गेले. वाटलं होतं मॅनेजरकाका लगेच ओवतील. त्यांनी चष्मा लावून तो सगळीकडून बघितला, मापाचा आहे म्हणाले, आणि तारेचं एक टोक सोडलं. पिन काढून मला दिली. पण मणी ओवला नाही. ड्रॉवरमध्ये ठेवला आणि म्हणाले, ‘तोडली त्याने. तो ओवेल.’ तुझं नाव अजूनही घेतलं नाही, पण जवळपास पोचलेत.

तेव्हापासून तारेचं एक टोक खिळ्याला गुंडाळलेलं आहे आणि माझा स्कोअर तोंडी चाललाय. डॉक्टर तोंडी स्कोअरमध्ये चुकतात, आणि चुकतात ते नेहमी एकाच बाजूला. परवा मी सव्वीसवर होते तर म्हणाले चोवीस. फार दिवस असं चालणार नाही.

या रविवारी फोन मी उचलणार आहे. तू ‘आईला दे’ म्हणालास तर देणार नाही. नुसती धरून उभी राहीन. आठ सेकंद मोजीन, हवी तर सोळा. तेवढ्यात गाडीचा दिवस आणि वेळ सांग.

आणि आल्या आल्या आई तो शर्ट घालायला लावणार, त्यातून तुझी सुटका नाही. घाल. पण माझ्यासमोर टेबलाशी उभा राहणार असशील तर बाह्या दुमडून ये.

चिमटा